बोरवणीची शरम

प्रकाशापेक्षा वेगानं जाणारी यानं शरमेवर चालतात, आणि आमच्या बोरवणीची शरम सबंध जिल्ह्यात सर्वांत घट्ट भरत असे. मी त्या वेळी बोरवणी शरम संकलन केंद्राचा सेक्रेटरी होतो. अजूनही केंद्रातच असतो, पण आता पाटावर बसतो.

ज्यांचा यानांशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रकाशाच्या पुढं जायचं तर गुरूसारखा एखादा ग्रह सबंध जाळावा लागेल, असं पूर्वी म्हणत. गुरू जाळायला परवानगी कुणाची घ्यायची, यावरच कितीतरी वर्षं गेली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की पुढची जागाच आकसली तर यानाला पळायची गरज उरत नाही; तारा आपणहून जवळ येतो. आणि जागा आकसण्याचं काम माणूस पूर्वापार करत आलेला आहे. शरमलेला माणूस अंग चोरतो, एवढासा होतो, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं म्हणतो. बारीक यंत्रं लावून पाहिलं तेव्हा दिसलं, की माणूस एवढासा होतच नाही, त्याच्याभोवतीची जागा आत ओढली जाते. इतक्या सरळ गोष्टीला इतका उशीर झाला, कारण यंत्र लावून होईपर्यंत शरमत राहील असा माणूस शहरात मिळत नव्हता.

आमचं केंद्र जुन्या दूध डेअरीच्या शेडमध्ये होतं. सकाळी लोक दूध घालून तसेच पुढं यायचे. पाटावर बसायचं, कपाळाला पितळी पट्टी बांधून घ्यायची, मान खाली घालायची. भिंतीवरच्या काट्यावर घट्टपणा दिसे. दुधात पाणी घालतात तशी लोक शरमेत भीती घालतात. पकडले जाऊ म्हणून घाबरलेल्या माणसाचा काटा नुसता थरथरतो, चढत नाही. एकदा वऱ्हाडातल्या मंडळींनी हौसेनं नवी नवरी आणून बसवली. ती लाजली, फार गोड लाजली, पण काटा जागचा हलला नाही. शरमेचं कारण आम्ही कधी कुणाला विचारलं नाही. म्हशीच्या मनात काय आहे हे डेअरीवाला विचारत नाही.

शरमेला टँकर लागत नाही. माणसानं बोरवणीत केलेलं तो पुण्यात उतरायच्या आत पुण्यात पोचलेलं असतं, हे आमच्याकडं पूर्वीपासून माहीत होतं. पट्टीतून निघालेली शरम तशीच त्या क्षणी यानात पोचते, मग यान कुठंही असो. शिळी मात्र चालत नाही. रोजची रोज ताजी लागते.

केंद्रात कायम नेमणुकीवर चार लोक होते. चार लोक काय म्हणतील, असं आपण म्हणतो ते हेच चार लोक. समोरच्या बाकावर बसायचं, पाटावरच्या माणसाकडं बघायचं आणि काहीही म्हणायचं नाही, एवढं त्यांचं काम. म्हटलं की शरम फाटते. चौघांत गोदाक्का माळी सर्वांत जुन्या. त्यांनी नुसता पदर सावरला तरी काटा थोडा वर सरके.

माझी धाकटी बहीण रेवती यानचालक झाली. व्याध ताऱ्याकडं जायच्या यानावर तिची एकटीची नेमणूक झाली आणि त्या यानाचा पुरवठा बोरवणीकडं आला. शेजारच्या हिवरगावाकडं अभिजित ताऱ्याला निघालेलं यान गेलं. त्यावर मिरजेकडचा एक तरुण होता, श्रीपाल मगदूम नावाचा. हिवरगावचे लोक त्यावरून मान ताठ करून हिंडत, कारण अभिजित व्याधापेक्षा लांब आहे.

रेवती निघाली. लोकांनी मनापासून शरम घातली. सदाशिव करडे म्हणून आमच्याकडं होते, त्यांनी तर हद्द केली. त्यांना कसली शरम होती देव जाणे, पण ते पाटावर बसले की शेडचे पत्रे आत ओढल्यासारखे वाजत. गावात त्यांचे डोळे कुणी पाहिले नव्हते. थोड्याच दिवसांत रेवतीचा व्याधाजवळून फोन आला.

"दादा, इथनं आपला सूर्य अगदी साधा दिसतो," ती म्हणाली. "कुणाला ओळखू पण येणार नाही. आईला सांग, जेवले."

त्या संध्याकाळी केंद्राचे अध्यक्ष दिनकरअण्णा माझ्याकडं आले. अण्णा मनानं भला माणूस. कुणाचं काही चांगलं झालं की त्यांना बसवत नाही.

"सेक्रेटरी, पोरगी व्याधापातूर पोचली," ते म्हणाले. "कुनाच्या जिवावर? गावाच्या. मग गावाचा सत्कार करायचा न्हाई व्हय? लोक तोंडात श्यान घालतील आपल्या."

सत्काराला नाही म्हणायची आमच्याकडं रीत नाही. दहावी पास झालेल्याचा होतो, निवृत्त झालेल्याचा होतो, निवडून आलेल्याचा होतो आणि पडलेल्याचा सांत्वनपर होतो. वरून एक परिपत्रक आलेलं होतं, हे खरं. पुरवठादारांचे आभार मानू नयेत, असं त्यात ठळक अक्षरांत होतं. मी ते दोनदा वाचलं. आभार मानू नयेत म्हटलं होतं. सत्काराबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

दुधाच्या शेडपुढं मांडव पडला. शाली इचलकरंजीहून आल्या, नारळ आले, प्रत्येकाच्या फोटोचा फ्लेक्स लागला. मानपत्र मी लिहिलं. 'आपण खाली घातलेली मान हीच बोरवणीची खरी उंची,' असं वाक्य मी त्यात घातलं होतं. त्या वाक्याला टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्या मला आवडल्या. सदाशिव करड्यांना 'शरमभूषण' दिला. शाल खांद्यावर पडताच त्यांनी मान वर केली आणि गावानं त्यांचे डोळे पहिल्यांदा पाहिले. घारे होते. मग त्यांनी, फ्लेक्सवर आपला फोटो अण्णांच्या फोटोपेक्षा लहान का, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे शाली पांघरूनच केंद्रावर आले. करडे पाटावर बसले. मी पट्टी बांधली. काटा हलला नाही.

"तब्येत बरी नाही का?" मी विचारलं.

"झकास हाय की," करडे म्हणाले. "किती सालांनी झोप लागली बगा. बायकू म्हनाली, घोरत हुता."

त्यांच्यामागून सगळे बसून गेले. कुणाचा काटा चढला नाही. एक जण तर म्हणाला, की शरम त्यांच्या घराण्यात आजोबांपासून आहे, इतर लोक कालपरवाचे. गोदाक्का नेमून दिल्याप्रमाणे एकटक बघत होत्या आणि तो गृहस्थ त्यांच्याकडं बघून हसत होता. सगळे इतके समाधानी दिसत होते, की मला त्यांच्यावर रागावताही येईना.

दुपारी रेवतीचा फोन आला. परतीला लागलेलं यान मधेच थांबलं होतं.

"काटा पडलाय दादा. दुरुस्ती चाललीय का?"

"हो," मी म्हणालो, "दुरुस्तीच चाललीय."

यानातलं धान्य दिवाळीपर्यंत पुरणार होतं, आणि दसरा तोंडावर आला होता. शरमेशिवाय यान चालतं, नाही असं नाही. पण ते उसाच्या ट्रॅक्टरच्या बेतानं चालतं. त्या वेगानं रेवती घरी येईपर्यंत घर राहिलं नसतं, बोरवणीही राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून पुरवठा अधिकारी इंगवले आले. शांत माणूस. शेडमधल्या शाली त्यांनी पाहिल्या.

"आपण पुरवठादारांचे आभार मानलेत का?"

"नाही साहेब. सत्कार केला."

इंगवले साहेब खाली बसले. म्हणाले, "परिपत्रक मीच लिहिलं होतं. इतकं स्पष्ट लिहायला हवं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही."

आम्ही शक्य ते सगळं केलं. शाली परत मागवून पाहिल्या. लोक भडकले. अपमान आणि शरम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अपमानानं काटा उलटा फिरतो. त्या दुपारी यान व्याधाच्या दिशेनं मागं सरकलं आणि आम्ही घाईघाईनं शाली परत दिल्या. हिवरगावाकडं उसनी शरम मागायला अण्णा स्वतः गेले. पण आमचा सत्कार कळल्यावर हिवरगाव मागं कसं राहील? त्यांनी आमच्याहून मोठा मांडव घातला होता, शिवाय बँड लावला होता. अभिजितकडचं यानही जागच्या जागी उभं होतं. मग इंगवले साहेबांनी जिल्ह्यातली काही मोठी माणसं आणून पाटावर बसवली. काटा इतका स्थिर राहिला, की यंत्र बिघडलं असं वाटून आम्ही दुसरं मागवलं. पहिलं चांगलंच होतं.

दसऱ्याच्या दिवशी मी पाटावर बसून पट्टीची तार तपासत होतो. पट्टी माझ्याच कपाळाला होती, कारण तपासायला दुसरं कपाळ नव्हतं. आई डबा घेऊन आली. तिनं डबा खाली ठेवला.

"रेवा कधी यायची?" तिनं विचारलं.

आईला कुणी काही सांगितलं नव्हतं. यानाला थोडा उशीर आहे एवढंच मी म्हणालो होतो. तिनं डब्यात पुरणपोळी आणली होती. "तिची बाजूला ठेवलीया," ती म्हणाली. "आज आली तर आज खाईल. नाही तर उद्या शिळी पन आवडती तिला."

मी वर बघू शकलो नाही. पोरगी तिकडं अंधारात दाणे मोजून खात होती आणि मी इकडं मानपत्राला टाळ्या घेतल्या होत्या. मला इतकी शरम वाटली, की कानांच्या पाळ्या भाजल्या. शेडचे पत्रे वाजले. गोदाक्का बाकावरून उठून उभ्या राहिल्या, जे त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. काटा वर गेला होता.

फोन वाजला. "दादा," रेवती ओरडली, "सरकलं!"

तेव्हापासून यानाचा सगळा पुरवठा माझ्यावर आला. इंगवले साहेबांनी सेक्रेटरीचं काम दुसऱ्याकडं सोपवलं आणि लेखी आदेश काढला, की मला कुणीही समजावू नये. 'चुकतो तो माणूस', 'होतं असं', 'देवाची इच्छा' ही वाक्यं केंद्राच्या परिसरात बोलायला मनाई झाली. या वेळी कुणी अर्थ काढत बसलं नाही. गावानं आदेश अक्षरशः पाळला. रस्त्यात भेटलेला माणूस सवयीनं माझ्या खांद्यावर हात ठेवायला यायचा आणि अर्ध्यातून हात मागं घ्यायचा. अण्णांना तर फार जड गेलं. ते लांबून मला बघायचे आणि डोळे पुसत दुसऱ्या गल्लीनं जायचे. आई जेवायला वाढायची, बोलायची नाही. मला भूक लागते याचीही मला शरम वाटे, म्हणून ती पोटभर वाढायची.

अडचण रेवतीची होती. ती रोज फोन करायची, आणि तिचा स्वभाव मुळात माफ करण्याचा. लहानपणी मी तिची पाटी फोडली तेव्हा मला मार बसू नये म्हणून ही गुरुजींना म्हणाली होती, की ती आधीच फुटकी होती.

"दादा, तुझी काय चूक त्यात?" ती म्हणाली. "सत्काराला नाही कोण म्हणतं? मी असते तर मीच हार आणले असते."

मला बरं वाटलं. काटा खाली आला.

तिच्यासमोरही काटा होता.

"थांबलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मला रागावायचं ठरवलं. तिला ते जमेना. "दादा, तू ना, तू एक नंबरचा..." असं म्हणून ती अडखळायची. मग लहानपणाचं काहीतरी काढायची. मी तिच्या पोळीवरचं तूप बोटानं पुसून खायचो, जत्रेत तिची पिपाणी मी वाजवून वाजवून बंद पाडली. ऐकताना मला हसू यायचं, तिलाही यायचं, आणि दोघांच्या हसण्यात यान उभं राहायचं. धान्य कमी होत होतं. तिचा आवाज बारीक झाला होता.

एक दिवस ती म्हणाली, "दादा, आता मी फोन नाही करणार. आणि तू केलास तर उचलणार नाही. का ते तुला माहीत आहे." तिनं फोन ठेवला. ते सांगतानाही तिनं मला दोष दिला नाही.

त्यानंतर काटा फारसा खाली आला नाही. फोन शेडमध्येच असायचा. वाजायचा नाही. मी त्याच्याकडं बघायचो, गोदाक्का माझ्याकडं बघायच्या, आणि यान येत राहायचं.

मध्ये एकदा मात्र घोटाळा झाला. कोल्हापूरच्या एका पेपरवाल्यानं माझ्यावर छापलं. 'एका माणसाच्या शरमेवर आकाशगंगेतून प्रवास,' असा मथळा होता. मी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि पाटावर बसलो. काटा अर्ध्यावर आला. मला कळेना. मग कळलं. एकट्यानं यान ओढणारा माझ्यासारखा दुसरा नाही, असं मला वाटू लागलं होतं. बहीण उपाशी आणि मी कात्रण खिशात घालून बसलो होतो. हे कळलं आणि मला जी शरम वाटली, तिच्यापुढं आधीची शरम म्हणजे पाणी घातलेलं दूध. काटा वरच्या खिळ्याला जाऊन अडकला. शेडचा एक पत्रा निघून आत पडला. तालुक्याहून निरोप आला, की यान सूर्याच्या अंगणात शिरलंय.

नरकचतुर्दशीला सकाळी ते साखर कारखान्यामागच्या माळावर उतरलं. दार उघडेपर्यंत पुरवठा तुटू नये म्हणून मला पाट आणि काट्यासकट माळावर नेलं होतं, समोर बाक टाकून चार लोकही बसवले होते. सगळं गाव जमलं होतं. करडे शाल पांघरून पुढं उभे होते. अण्णांच्या हातात एक नवी शाल आणि नारळ होता. इंगवले साहेबांनी ते दोन्ही त्यांच्याकडून काढून घेतलं.

मग साहेब माझ्याजवळ आले. "अभिजितच्या यानात अजून धान्य आहे," ते म्हणाले. "हिवरगावात कुणाचाच काटा चढत नाही. आजपासून ती लाइन मी इकडं जोडली आहे. मगदूमची आई काल कचेरीत बसून होती. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता आणि तुम्हाला बरं वाटलं असतं."

हेच त्यांनी रेवतीला यानातही कळवलेलं होतं.

दार उघडलं. रेवती उतरली. फार वाळली होती. आई पुढं गेली, तिनं रेवतीला पोटाशी धरलं आणि पदराआडून पोळी काढली. रेवतीनं ती उभ्याउभ्या खाल्ली. सगळं गाव तिला खाताना बघत होतं आणि कुणी टाळी वाजवली नाही. खाऊन झाल्यावर तिनं हात पुसले आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"दादा..." ती म्हणाली.

तिच्या ओठांवर काय आलं होतं हे मला माहीत होतं. ती जन्मल्यापासून मी तिला ओळखतो. मला ते ऐकायचं होतं. त्या महिन्याभरात मला दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

तिनं काट्याकडं पाहिलं. तोंड मिटलं. माझ्या बाजूनं निघून गेली आणि अण्णांच्या जीपमध्ये आईशेजारी जाऊन बसली.

पाडव्याला, ओवाळायच्या पाटाऐवजी मी केंद्राच्या पाटावर बसलो. भाऊबीजेलाही तसंच. त्या दिवशी आईनं घरी नुसतंच निरांजन लावून ठेवलं होतं. गोदाक्का दिवाळीनंतर निवृत्त झाल्या, त्यांचा सत्कार झाला नाही, आणि चार लोकांतली एक जागा रिकामी झाली. रेवतीनं तिथं अर्ज केला. यान चालवलेली बाई अशा जागेवर कशाला, असं निवड समितीनं विचारलं. ती म्हणाली, अनुभव आहे.

आता रोज सकाळी मी पट्टी बांधून बसतो. ती समोरच्या बाकावर बसते, पदर सावरते आणि माझ्याकडं बघते. काही म्हणत नाही. मगदूम निम्म्यावर आलेला आहे.